वाचकांचे प्रश्न : संगणक विभागातील उमेदवारीचे दिवस

महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाच्या सध्याच्या अभ्यासक्रमात, म्हणजे विद्यार्थी ज्याला 'के स्कीम' म्हणतात त्यात, पदविकेच्या विद्यार्थ्यांना चौथ्या सत्रानंतर 12 आठवड्यांची इंटर्नशिप करावी लागते. आधीच्या अभ्यासक्रमात ही मुदत 6 आठवड्यांची होती. मुदत दुप्पट झाल्यापासून या सदराकडे येणारी पत्रेही वाढली आहेत. या वेळी निवडलेली सर्व पत्रे संगणक दुरुस्ती आणि साहाय्याचे काम शिकायला गेलेल्या मुलामुलींची, त्यांच्या पालकांची किंवा त्यांना कामावर घेणाऱ्यांची आहेत. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि ओळख पटेल असा मजकूर गाळला आहे.

आदरणीय मॅडम, मी संगणक अभियांत्रिकी पदविकेचे दुसरे वर्ष पूर्ण केले असून सध्या एका पतसंस्थेच्या मुख्य कार्यालयातील संगणक विभागात इंटर्नशिप करत आहे. तीन आठवडे झाले, पण टोनर बदलणे, केबल ओढणे आणि 'नेट चालत नाही' असा फोन आला की जिन्यावरून वर-खाली पळणे एवढेच काम माझ्या वाट्याला येते. माझ्या मैत्रिणी पुण्यात पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकत आहेत. माझे दिवस वाया जात आहेत का?
— एक विद्यार्थिनी, सांगली जिल्हा

तुमचे दिवस वाया जात नाहीत, परंतु तुम्ही वर-खाली पळताना जे ऐकता आणि पाहता ते कोठेही लिहून ठेवत नसाल, तर मात्र ते खरोखरच वाया जातील. असे मी का म्हणते, हे एका प्रसंगावरून सांगते.

काही वर्षांपूर्वी एका कार्यालयातून 'नेट बंद आहे' अशी तक्रार आली आणि मी स्वतः गेले. तेथील लेखनिक ताईंनी मला बसायला खुर्ची देताना सांगितले होते की, 'परवा दिवसभर लाइट नव्हती ना, तेव्हापासून याचं घड्याळपण चुकतंय.' मला ते वाक्य अनावश्यक वाटले. मी केबल बदलली, स्विचचे, म्हणजे अनेक संगणक एकमेकांना जोडणाऱ्या पेटीचे, दुसरे पोर्ट वापरून पाहिले, ब्राउझर काढून पुन्हा टाकला, आणि यात अर्धा दिवस गेला. पिंग, म्हणजे दुसऱ्या संगणकाला मारलेली चाचणीची हाक, व्यवस्थित जात होते, तरी एकही संकेतस्थळ उघडत नव्हते. शेवटी पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात पाहिले, तर तारीख कित्येक वर्षे मागे गेलेली होती. मदरबोर्डवरची नाण्याएवढी सीआर 2032 बॅटरी संपली होती, त्यामुळे वीज पूर्ण तुटली की संगणक आपली तारीख विसरत होता. संकेतस्थळाच्या सुरक्षा प्रमाणपत्राला वैधतेची सुरुवात आणि शेवट अशा दोन तारखा असतात, आणि संगणकाच्या मते आजचा दिवस त्या सुरुवातीच्याही आधीचा असल्यामुळे ब्राउझर प्रत्येक प्रमाणपत्र नाकारत होता. बॅटरी काही रुपयांची होती. ताईंनी मला उत्तर पहिल्याच मिनिटाला दिले होते आणि मी ते ऐकले नव्हते, याची खंत मला आजही वाटते.

म्हणून माझी विनंती आहे की, तक्रारीचा फोन आला की हात चालवण्यापूर्वी तीन गोष्टी विचारा. हे केव्हापासून होत आहे? त्याच्या आदल्या दिवशी काय बदलले, म्हणजे टेबल हलवले, लाइट गेली, नवे सॉफ्टवेअर टाकले, कोणी साफसफाई केली, असे काही घडले का? आणि शेजारच्या संगणकावर हेच काम होते का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत मोलाचे असते, कारण शेजारच्या संगणकावरही तेच होत असेल, तर समोरचा संगणक उघडून बसण्यात अर्थ नसतो आणि तुम्हाला स्विचकडे किंवा राउटरकडे जायला हवे.

'नेट चालत नाही' या एका तक्रारीत संपूर्ण नेटवर्किंगचा विषय सामावलेला आहे, असे मी वर्गात नेहमी सांगते. आधी लॅनची केबल लावायच्या खाचेजवळचा दिवा लागतो का ते पाहा. तो लागत नसेल तर केबल, तिचे टोक किंवा स्विचचे पोर्ट यांपैकी काहीतरी गेले आहे. दिवा लागत असेल तर आयपी पत्ता, म्हणजे संगणकाचा नेटवर्कवरचा क्रमांक, पाहा. तो 169.254 या आकड्यांनी सुरू होत असेल, तर संगणकाने डीएचसीपीकडे, म्हणजे पत्ते वाटणाऱ्या सेवेकडे, पत्ता मागितला, त्याला उत्तर मिळाले नाही आणि त्याने स्वतःच तात्पुरता पत्ता घेतला, असा त्याचा अर्थ होतो. पत्ता योग्य असेल तर गेटवेला, म्हणजे बाहेर जाण्याचे दार असलेल्या राउटरला, पिंग करा, नंतर बाहेरच्या एखाद्या आयपी क्रमांकाला करा, आणि क्रमांकाला उत्तर येते पण नावाला येत नाही असे दिसले, तर दोष डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून क्रमांक शोधून देणाऱ्या सेवेत, शोधा. पुस्तकात हे स्तर तुम्ही पाठ केले असतील. पतसंस्थेच्या तिसऱ्या मजल्यावर, काउंटरसमोर खातेदारांची रांग लागलेली असताना, त्याच स्तरांवरून क्रमाने वर चढता येणे हे वेगळे शिक्षण आहे आणि ते तुम्हाला रोज फुकट मिळत आहे.

आता वहीविषयी. एक साधी दोनशे पानी वही घ्या आणि प्रत्येक तक्रारीसाठी चार गोष्टी लिहा: तारीख व वेळ, तक्रार करणाऱ्याचे मूळ शब्द, तुम्ही काय काय करून पाहिले, आणि अखेर कशाने काम झाले. मूळ शब्दांचा आग्रह मी मुद्दाम धरते. 'प्रिंटर रुसलाय' हे वाक्य तुम्ही 'प्रिंटर ऑफलाइन' असे सुधारून लिहिले, तर पुढच्या वेळी तेच शब्द ऐकल्यावर तुम्हाला काहीच आठवणार नाही. शिवाय तो प्रिंटर ऑफलाइन नव्हताच, कोणीतरी डिफॉल्ट प्रिंटर बदलला होता, हेही कदाचित नंतर कळेल. वहीची साठ-सत्तर पाने भरली की मागे वळून वाचा. माझ्या एका विद्यार्थ्याला अशाच वाचनातून दिसले की, एका मजल्यावर कागद अडकण्याच्या साऱ्या तक्रारी जून सुरू झाल्यानंतरच्या होत्या. तेथे कागदाचे रीम खिडकीजवळ उघडे ठेवले जात होते आणि दमट कागद रोलरमध्ये गोळा होत होता. त्याने रीम बंद कपाटात ठेवायला लावले, आणि त्या प्रिंटरसाठी बोलावलेला मेकॅनिक परत पाठवावा लागला.

पायथन अवश्य शिका, ते संध्याकाळी घरी बसूनही शिकता येते. काउंटरवरच्या माणसाचे म्हणणे शांतपणे ऐकून घेणे घरी शिकता येत नाही.

मॅडम, मी आयटीआयमधून कोपा (संगणक चालक व प्रोग्रामिंग सहायक) ट्रेड पूर्ण केला आहे. कोणी इंटर्नशिप कर म्हणतात, कोणी अप्रेंटिसशिप, कोणी मुख्यमंत्र्यांची योजना. हे सर्व एकच आहे का? एका एजंटाने नोंदणीसाठी पैसे मागितले आहेत, ते द्यावेत का?
— एक वाचक, लातूर जिल्हा

पैसे देऊ नका. विद्यावेतन तुम्हाला मिळायचे असते, तुम्ही कोणाला द्यायचे नसते. तुमच्यासारख्या उमेदवाराची नोंदणी सरकारी संकेतस्थळावर स्वतःला करता येते, आणि आपल्या आयटीआयमधील निदेशक त्यासाठी मदत करतात, त्यांना भेटा.

हे तिन्ही प्रकार वेगवेगळे आहेत. इंटर्नशिप हा शिक्षणक्रमाचा भाग असतो. तिचे गुण मिळतात, आणि विद्यावेतन मिळेलच असे नाही. अप्रेंटिसशिप, म्हणजे शिकाऊ उमेदवारी, ही 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली येते. तिच्यात आस्थापना आणि उमेदवार यांच्यात नोंदणीकृत करार होतो आणि किमान विद्यावेतन नियमाने ठरलेले असते. 2019 च्या नियमदुरुस्तीने ही किमान रक्कम शिक्षणानुसार दरमहा 5,000 ते 9,000 रुपये केली आणि 30 किंवा त्याहून अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक केले. 2016 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत केंद्र सरकार विद्यावेतनाचा एक चतुर्थांश वाटा, दरमहा जास्तीत जास्त 1,500 रुपये, उचलते. तुम्ही आयटीआय उत्तीर्ण असल्यामुळे हा मार्ग तुमच्यासाठी सर्वांत सरळ आहे, असे माझे मत आहे, कारण त्याच्या अखेरीस परीक्षा होऊन मिळणारे प्रमाणपत्र देशभर मानले जाते.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना राज्य शासनाची आहे. ती 2024 मध्ये सुरू झाली तेव्हा 18 ते 35 वयोगटातील बारावी उत्तीर्णांना दरमहा 6,000, आयटीआय व पदविकाधारकांना 8,000 आणि पदवीधरांना 10,000 रुपये विद्यावेतन ठरवण्यात आले होते. ज्यांचे शिक्षण चालू आहे त्यांच्यासाठी ती नाही, आणि तिच्यातून कायम नोकरीचा हक्क निर्माण होत नाही, ही गोष्ट आधीच मनाशी स्पष्ट ठेवलेली बरी. कोणत्याही कार्यालयात रुजू होण्यापूर्वी एकच चौकशी करा: तेथे संगणकाचे काम दाखवणारा अनुभवी माणूस आहे का? तो नसेल तर प्रशिक्षणाचे सारे महिने केवळ टंकलेखनात आणि झेरॉक्समध्ये जातील.

मॅडम, माझ्या हातून मोठी चूक झाली आहे. संगणक फार हळू चालतो म्हणून कार्यालयातील एका मॅडमचा सीपीयू मी फॉरमॅट मारला. 'डी ड्राइव्हला हात लावू नको' असे त्यांनी सांगितले होते, मी लावला नाही. पण त्यांची दोन वर्षांची पत्रे डेस्कटॉपवर होती, ती गेली. मी अजून विभागप्रमुखांना सांगितलेले नाही. रात्री झोप लागत नाही.
— एक विद्यार्थी, अहिल्यानगर जिल्हा

पहिले काम म्हणजे तो संगणक आत्ताच बंद करा आणि उद्या सकाळी कार्यालय उघडताच विभागप्रमुखांना सारे सांगा. हे मी नैतिक उपदेश म्हणून सांगत नाही. त्या डिस्कवर जोपर्यंत काम चालू आहे तोपर्यंत जुन्या फायलींच्या जागेवर नवे काहीतरी लिहिले जात आहे, आणि तो संगणक पुढे बंद ठेवायला लावण्याचा अधिकार तुमच्याकडे नाही, त्यांच्याकडे आहे.

झाले असे की, डेस्कटॉप पडद्यावर वेगळा दिसत असला तरी तो सी ड्राइव्हवरच, वापरकर्त्याच्या नावाच्या फोल्डरमध्ये असतो. डाउनलोड्स आणि डॉक्युमेंट्स हेही सहसा तेथेच असतात. त्या मॅडमना हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्यांना विचारणे हे तुमचे काम होते, आणि तुम्हाला ते कोणी शिकवले नसेल तर त्यात आम्हा शिक्षकांचाही दोष आहे.

जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क असेल, तर फायली परत मिळण्याची काही आशा असते. ती डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडायची आणि सापडलेल्या फायली तिसऱ्याच ठिकाणी साठवायच्या. फायली शोधणारे सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर कधीही टाकायचे नाही. एसएसडी असेल तर आशा फारच थोडी, कारण पुसलेली जागा तिच्यात आपोआप रिकामी केली जाते. परंतु तेवढ्यावर हार मानू नका. दोन वर्षांची पत्रे कोठेतरी गेलेली असतात: पाठवलेल्या ईमेलला जोडून, वरिष्ठांच्या संगणकावर, पेनड्राइव्हवर, व्हॉट्सॲपवर, आणि अगदीच नाही तर आवक-जावक नोंदवहीच्या आधाराने फायलीत लावलेल्या कागदी प्रतींच्या रूपाने. त्या मॅडमच्या शेजारी बसून, एकेक पत्र आठवून यादी करा. निम्मी पत्रे तरी मिळतील असे मला अनुभवावरून वाटते, आणि तुम्ही शेजारी बसलात हे त्यांच्या लक्षात राहील.

यापुढे फॉरमॅट मारण्यापूर्वी मालकाला समोर बसवून विचारायच्या गोष्टींत डेस्कटॉप, डाउनलोड्स आणि ब्राउझरमध्ये जपून ठेवलेली पाने व पासवर्ड हे तर धराच, पण आपल्याकडच्या कार्यालयांत आणखी तीन गोष्टी हमखास विसरल्या जातात. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा कोणत्या फोल्डरमध्ये आहे ते पाहा. डिजिटल सहीच्या टोकनचे ड्रायव्हर नंतर पुन्हा टाकावे लागतील, त्यामुळे ते कोठून मिळाले होते हे विचारा. आणि मराठी फाँट. युनिकोडपूर्वीच्या पद्धतीने, उदाहरणार्थ श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये, टंकलेखन केलेली जुनी पत्रे तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडली, तर देवनागरीच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा खिचडा दिसतो. असे दिसले की लोक घाबरून फाइल खराब झाली असे समजतात आणि ती पुसून टाकतात. फाइल शाबूत असते, केवळ फाँट हवा असतो. हे वाक्य तुमच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

माझी मुलगी एका खाजगी कंपनीच्या संगणक विभागात प्रशिक्षणाला जाते. तेथील कर्मचारी तिला फोनवर आपापले पासवर्ड सरळ सांगतात आणि एका चिठ्ठीवर सर्वांचे पासवर्ड लिहून तिच्याकडे दिले आहेत. उद्या काही गैरप्रकार झाला तर तिच्यावर येईल, अशी मला काळजी वाटते.
— एक पालक, रत्नागिरी जिल्हा

आपली काळजी रास्त आहे. ती चिठ्ठी मुलीने विभागप्रमुखांकडे परत द्यावी आणि परत दिल्याचा दोन ओळींचा ईमेल त्यांना पाठवावा. यात उद्धटपणा नाही; चांगला विभागप्रमुख यावर तिचे कौतुकच करील.

पासवर्ड विचारायचा नाही, कोणी सांगू लागले तर थांबवायचे, आणि तो टाकायची वेळ आली की वापरकर्त्याला स्वतः टाकायला सांगून आपण मान दुसरीकडे फिरवायची, ही या क्षेत्रातील जुनी शिस्त आहे. पासवर्ड विसरला असेल तर तो बदलून द्यायचा आणि पहिल्या वापरातच वापरकर्त्याला नवा ठेवायला लावायचा. दुरून पडदा पाहून दुरुस्ती करण्याच्या सॉफ्टवेअरलाही हाच नियम लागू आहे: माणूस समोर असताना, त्याच्या परवानगीने जोडायचे आणि काम झाले की त्याच्यादेखत तोडायचे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी 2023 मध्ये संसदेने स्वतंत्र कायदा केला आहे, त्यामुळे ग्राहकांची आणि कर्मचाऱ्यांची माहिती जपणे ही कंपनीचीही जबाबदारी आहे. मुलीकडे प्रशिक्षणाचे लेखी पत्र, त्यात कामाचे स्वरूप आणि देखरेख करणाऱ्या व्यक्तीचे नाव, एवढे तरी असावे, याची आपण खात्री करून घ्या.

आमच्या शाळेने या वर्षी दोन पदविका विद्यार्थ्यांना प्रशिक्षणासाठी घेतले आहे. संगणक कक्षात वीस संगणक आहेत. त्यांना नेमके काय काम द्यावे?
— एक मुख्याध्यापक, सोलापूर जिल्हा

मुख्याध्यापक महोदय, हा प्रश्न विचारल्याबद्दल मी आपली मनापासून आभारी आहे, कारण तो विचारणारे फार थोडे आहेत.

विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. आपल्या वीसपैकी किती संगणकांवर ती आहे आणि त्यांतील किती विंडोज 11 पेलू शकतात, ही यादी करणे हे पहिल्या पंधरवड्याचे उत्तम काम आहे. विंडोज 11 साठी किमान 4 जीबी रॅम, 64 जीबी साठवण आणि टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय लागते. अनेक संगणकांत टीपीएम असते, पण बायॉसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, बंद ठेवलेले असते, त्यामुळे 'जमत नाही' असा शेरा मारण्यापूर्वी बायॉस उघडून पाहायला सांगा. प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीत आहे का, हेही तपासावे लागेल. जे संगणक बसत नाहीत ते भंगारात काढण्याची घाई करू नये. त्यांवर लिनक्स टाकून लहान वर्गांसाठी ते आणखी काही वर्षे वापरता येतात.

दुसरे काम केबलचे. शाळांच्या संगणक कक्षात कोणती केबल कोठून कोठे जाते हे बहुधा कोणालाच माहीत नसते. दोघांना प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना एकच क्रमांक लावू द्या, आणि खराब टोके कापून नवी बसवू द्या. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी हा क्रम हाताला बसायला पंधरा-वीस टोके वाया जातात. तेवढी वाया जाऊ द्यावीत. अखेरीस कक्षाचा नकाशा त्यांच्याकडून काढून घेऊन दारामागे लावा, म्हणजे पुढच्या वर्षी येणाऱ्या मुलांना तेथून सुरुवात करता येईल.

एक विनंती आहे. परीक्षेच्या दिवसांत त्यांना ऑनलाइन माहिती भरण्याच्या कामाला जुंपण्याचा मोह होईल. आठवड्यातून एक दिवस त्यासाठी ठेवा, त्याहून अधिक नको.

मॅडम, इंटर्नशिपची रोजची डायरी लिहावी लागते. ज्या दिवशी काहीच दुरुस्त झाले नाही त्या दिवशी काय लिहायचे? वरिष्ठ मुले जुन्या डायऱ्यांतून उतरवून घ्या म्हणतात.
— एक विद्यार्थी, नाशिक

उतरवून घेऊ नका. तोंडी परीक्षेत दुसऱ्याच प्रश्नाला ते उघडे पडते, हे मी परीक्षक म्हणून अनेकदा पाहिले आहे. डायरीची भाषा कोणती असावी हे आपल्या मार्गदर्शक शिक्षकांना विचारा. ज्या दिवशी दुरुस्ती झाली नाही त्या दिवशी नेमके तेच लिहा. माझ्याकडे आलेल्या एका डायरीत एका मुलीने एका पानावर एवढेच लिहिले होते: 'लेखा विभागातील संगणक दुपारी आपोआप बंद पडतो. रॅम काढून, पुसून पुन्हा बसवली. यूपीएस बदलून पाहिला. तरीही 3 वाजून 10 मिनिटांनी बंद पडला. कारण सापडले नाही. उद्या पंखा पाहणार.' दुसऱ्या दिवशीच्या पानावर, प्रोसेसरच्या पंख्यात साचलेल्या धुळीचे तिने स्वतः काढलेले चित्र होते. त्या दोन पानांना मी पूर्ण गुण दिले.